सात दिवसांचा करगोटा

मागच्या महिन्यात चिरंजीव शाळेतून आले ते कमरेला इलॅस्टिकचा पट्टा बांधूनच, आणि पट्ट्यात काडेपेटीएवढी एक डबी. मुलं दिवसभरात किती हालचाल करतात ते मोजायचं म्हणून कुठल्यातरी अभ्यासासाठी सात दिवस दिलेली, सही मीच केली होती आणि मीच विसरले होते. सासूबाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, "आम्ही करगोटा बांधला तर जुन्या वळणाचे, आणि शाळेने बांधला की सायन्स होय!"

डबीला स्क्रीन नाही, त्यामुळे साहेब पहिल्याच दिवशी नाराज. पण ते मुद्दाम असतं म्हणे, आकडा दिसला की मुलं आकड्यासाठी उड्या मारतात. आमच्याकडे आकडा नसतानाही पहिल्या संध्याकाळी सोफ्यावरून अठ्ठावीस उड्या झाल्या (मोजल्या मीच, खालच्या काकूंनीही मोजल्या असतील).

आत असतो अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे मोबाईल आडवा केला की स्क्रीन फिरते ना, त्याच जातीचा. कमरेला बसणारे झटके तो तिन्ही दिशांनी सेकंदाला तीसेक वेळा टिपतो. म्हणजे हिशोब कमरेचा, पोराचा नाही! लंगडीला भरघोस मार्क मिळतात, पण सायकल घामाघूम होईपर्यंत हाणली तरी कंबर सीटवर स्थिर, मग डबीच्या मते पोरगं जवळपास बसलेलंच. पोहायला जाताना पट्टा काढायचा, त्यामुळे तेही गेलं. तासभर सलग शून्य आलं तर पट्टा काढून ठेवला असं धरतात, म्हणून सोबत एक डायरी होती, कधी काढला, कधी घातला, का काढला. एका रकान्यात याने लिहिलंय "आजीने ओढला".

पट्टे गोळा करायला आलेल्या ताईने लॅपटॉपवर त्याचा आलेख दाखवला तेव्हा मी जरा गप्पच झाले. मला वाटायचं हा एक मिनिट बसत नाही. शाळेचे तास म्हणजे सपाट माळरान, आणि मधल्या सुट्टीत एकदम काटेरी कुंपण उगवल्यासारख्या रेघा. सलग दहा मिनिटं पळाला असं कुठेच नाही. ताई म्हणाली मुलं अशीच खेळतात, 1995 मध्ये अमेरिकेत काही मुलांवर दर तीन सेकंदांनी नजर ठेवून नोंदी केल्या होत्या तर जोरदार हालचालीचा एक तुकडा साधारण तीनच सेकंदांचा निघाला, पंधरा सेकंदांच्या वर फारच थोडे. म्हणून मुलांचा हिशोब मिनिटाचा धरला की चुकतो, दहा सेकंद जीव तोडून पळाला आणि पन्नास सेकंद उभा राहिला तर मिनिटाची सरासरी सांगते की बाळ रमतगमत चाललंय. त्यामुळे पंधरा किंवा त्याहून कमी सेकंदांचे तुकडे पाडतात. डब्ल्यूएचओ मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते, ती अशी चिल्लर गोळा करून भरायची. आणि आपण मात्र "चल, माझ्यासोबत अर्धा तास वॉक कर" म्हणून त्याला ओढतो!

पण मला खरा झटका बसला तो शनिवारच्या क्रिकेट कोचिंगचा. दोन तास, महिन्याची भलीमोठी फी, पांढरे कपडे मी धुते. आलेखात त्या दोन तासांत मोजून चार-पाच झुडपं, बाकी परत माळरान. पॅड बांधून नंबराची वाट बघायची, सहा बॉल खेळायचे, परत रांगेच्या शेवटी. तिथून आल्यावर पार्किंगमध्ये अर्धा तास जो डबा ऐसपैस झाला त्यात कितीतरी जास्त रेघा होत्या, आणि ते फुकट.

पुढच्या शनिवारी मी सरांना हळूच विचारलं, रांगेत उभी असतात तेवढ्या वेळात पोरांना काही खेळायला दिलं तर?

सर म्हणाले, "मॅडम, इथे कोचिंग चालतं, खेळायला घरी आहेच की."