काळ्या डुंगरावरची दत्तजयंती

कच्छच्या सहलीची तारीख ठरवताना मी पौर्णिमा तेवढी बघितली. पांढऱ्या रणातलं चांदणं बघायला लोक कोल्हापुरातून दोन-दोन दिवसांचा प्रवास सोसतात. ती पौर्णिमा मार्गशीर्षातली, म्हणजे दत्तजयंती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. कोल्हापुरात सहली काढणाऱ्या माणसाकडून ही चूक व्हायला नको होती.

सकाळी भुजहून बस निघाली तेव्हा शिरोळकडच्या एक आज्जी खिडकीला टेकून गप्प बसल्या होत्या. नाश्त्यालाही उतरल्या नाहीत. जवळ जाऊन विचारलं.

"आज वाडीला पाळणा हाय रं बाळा. लगीन झाल्यापास्नं एकदाबी चुकला न्हवता."

वाडी म्हणजे नरसोबाची वाडी, आणि पाळणा दत्तजन्माचा. लेकानं हौसेनं पैसे भरले होते, म्हणून त्या नको म्हणाल्या नव्हत्या. मला फार लागलं ते.

खावड्याच्या पुढं काळा डुंगर आहे. कच्छमधली सगळ्यात उंच जागा, साडेचारशे मीटरच्या वर, आणि माथ्यावर दत्ताचं देऊळ. आमच्या कार्यक्रमात तो दुसऱ्या दिवशी सकाळी होता. पण तिथं खरं जायचं ते सांजआरतीला, आणि संध्याकाळ तर पांढऱ्या रणाकाठच्या धोरडोच्या सूर्यास्तासाठी ठेवलेली. बसमध्ये उभा राहून सगळ्यांना विचारलं. दोघा-तिघांचा आवाज चढला. सूर्यास्तासाठीच आलोय म्हणाले, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मी म्हटलं, सूर्य डुंगरावरनं बघू, खाली सगळं रणच आहे. चांदणं काय, रात्रभर आहे. शेवटी ड्रायव्हरमामांकडं बघितलं. घाट अंधारात उतरवायचा होता त्यांना. "दत्ताचं हाय न्हवं? जाऊया की," म्हणाले.

वरून सूर्य मावळताना रण आधी पांढरं, मग गुलाबी, मग राखी झालं. आरती संपली. पुजाऱ्यानं शिजवलेला भात ओट्यावर ओतला आणि खाली झुडपांकडं तोंड करून हाक दिली, "लोंग! लोंग!" आम्ही चाळीस माणसं श्वास धरून उभी. झुडूप हललं. एक कोल्हा आला, मागून दोन. पहिल्याचा एक कान फाटलेला होता. तो आमच्याकडं बघत बघत भाताशी आला.

भुकेल्या कोल्ह्यांना दत्तानं 'ले अंग' म्हणत स्वतःचं शरीर दिलं, त्याचंच 'लोंग' झालं, अशी तिथली कथा. मी ती हळू आवाजात सांगितली. आज्जींचे हात जोडलेलेच होते.

"आपल्या कोल्हापुरात झोळी घिऊन भिक्षा मागतुया, आन् हितं सोताचं अंग देतुया व्हय!"

मघाशी भांडणारे एक काका तिथंच डोळे पुसत होते.

रात्री पांढऱ्या रणात पोचलो. पायाखाली मिठाचा थर करकर वाजत होता. पावसाळ्यात इथं समुद्राचं आणि नद्यांचं पाणी पसरतं, मग ते आटतं आणि मीठ मागं राहतं, असं मी सांगत होतो. आज्जींनी मध्येच थांबवलं. वाडीच्या दक्षिणद्वाराला पुराचं पाणी देवळात शिरून पादुकांवरनं दक्षिणेच्या दारानं बाहेर जातं, ते त्यांनी किती वेळा बघितलेलं!

"म्हंजे हितंबी पाणी देवापातुर येतं आन् माघारी जातं," म्हणाल्या.

वाडीच्या पेढ्यांचा डबा त्यांनी डुंगरावर रिकामा केला होता. खाली बसून त्यात चिमूटभर मीठ भरून घेतलं, पुढच्या पुनवेला वाडीच्या बायकांना दाखवायला.