आखाजीला मिळणार होती ती गाडी

आधी एक सांगतो, नाहीतर राहून जाईल: बुकिंगचे पैसे रोख देऊ नका. मी दिले, दहा हजार, फेब्रुवारी २०२५ मध्ये.

मी अमळनेरचा. बारा वर्षं जुनी १५० सीसीची गाडी चालवली. शेत बोरी नदीच्या पलीकडे, आणि वर्षातून दोनतीनदा शहाद्यावरून तोरणमाळ ठरलेलं. सातपायरीच्या घाटात मागे बायको आणि सामान घेऊन ती गाडी दमते. म्हणून चारशे सीसीच्या आसपासची ऍडव्हेंचर बाईक, म्हणजे खराब रस्त्यावरही चालणारी गाडी, घ्यायची ठरवली. पैसे साठवायला चार वर्षं लागली.

त्याच सुमाराला एक नवीन गाडी येणार अशी चर्चा होती. फोटो पाहिले आणि मन तिच्यावरच बसलं. तिचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर शोरूम कोणतं ते लगेच कळेल, आणि मला भांडण उकरून काढायचं नाही.

शोरूमवाले म्हणाले, पाडव्याला गाडी दारात. पाडवा गेला. मग म्हणाले, आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नक्की. ३० एप्रिलला आखाजी झाली, झोके बांधले आणि सोडलेही. मी दर शनिवारी फोन करायचो. "साहेब, कंपनीकडून लॉटच सुटला नाही." "साहेब, तुमचं नाव पहिल्या पाचात आहे." श्रावणात कानबाई देवी बसल्या, उठल्या. घरातले वडीलधारे आप्पा रोज संध्याकाळी ओट्यावर एकच विचारायचे, "पैसा दिधा, मंग गाडी कोठे शे?" माझ्याकडे उत्तर नसायचं. सत्तर वर्षांच्या माणसासमोर असं गप्प बसावं लागणं मला फार लागलं.

खरी ठेच सप्टेंबरमध्ये. ३ तारखेला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले. ३५० सीसीपर्यंत २८ चे १८ टक्के, आणि त्याच्या वरच्या गाड्यांना सेस धरून ३१ होते ते थेट ४०. लागू २२ सप्टेंबरपासून. कंपनीने भार स्वतः सोसला नाही तर तीन लाखांच्या गाडीला साधारण वीस हजारांचा फरक, आणि रोड टॅक्स किमतीवर टक्क्याने लागतो, म्हणजे तोही वाढतो. मी दुसऱ्याच दिवशी शोरूमला गेलो. म्हटलं, गाडी येत नसेल तर आजच सांगा, मी दुसरी बघतो. मॅनेजर म्हणाले, "२२ च्या आत येतेय. जुन्या दरात बसवून देतो." मी विश्वास ठेवला. २२ तारीख उलटली. ज्या दिवशी बिल फाटतं त्या दिवशीचा कर, हे त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

मग बुकिंग रद्द करायला गेलो तर पावती पुढे केली: "ही नुसती नावनोंदणी आहे, परताव्याचं कुठे लिहिलंय?" खरंच लिहिलेलं नव्हतं. ना तारीख, ना मॉडेलचं पूर्ण नाव, ना रद्द केल्यास काय. कॅन्सल चेक दिला. आधार कार्डाची प्रत दिली. दसऱ्याला म्हणाले अकाउंटवाले सुट्टीवर, दिवाळीत म्हणाले हेड ऑफिस बंद. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस आणि कपाशीची वेचणी मजुरांच्या भरवशावर टाकून. शेवटी भाच्याने १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून दिला. मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, आणि तोच नंबर टाकून शोरूमला लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का घेतला. नवव्या दिवशी पैसे खात्यात. हे मी ऑगस्टमध्येच करायला हवं होतं.

या सगळ्यात बाकीच्या गाड्या मात्र नीट बघून झाल्या. केटीएम ३९० ऍडव्हेंचर पळायला उजवी, हे मान्यच: ४६ पीएस ताकद, पुढे २१ इंची चाक. पण टाकी १४.५ लिटरची, आणि सातपुड्यात आत शिरलं की पंपाचा भरवसा नसतो. टीव्हीएसची अपाचे आरटीएक्स ३०० ऑक्टोबरमध्ये आली, १.९९ लाखापासून, ३६ पीएस, ३५० च्या आत असल्याने कर १८ टक्के. घाट आणि हायवे एवढंच करायचं असेल तर पैशाचा हिशोब तिच्याच बाजूने जातो. माझं अडलं ते १९ इंची चाकावर; बोरीच्या वाळूत आणि पावसाळ्यातल्या काळ्या मातीत मला मोठं चाक हवं होतं.

नोव्हेंबरमध्ये हिमालयन ४५० घेतली. ४५२ सीसी, १७ लिटरची टाकी, सीट ८२५ मिमी. माझी उंची पाच फूट सहा, दोन्ही पायांचे चवडे टेकतात. वजन १९६ किलो, ते मात्र हलकं समजू नका; घेण्याआधी शोरूमच्या आवारात बंद गाडी स्वतः ढकलून, मागे घेऊन, चढावर वळवून बघा. राइड तर सगळेच देतात.

विम्याचं राहिलं. नवीन गाडीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावाच लागतो. मी गाडी घेतली तेव्हा १५० ते ३५० सीसीला तो जीएसटी सोडून ७,३६५ रुपये होता, ३५० च्या वर १५,११७. कोटेशनमध्ये हा आकडा वेगळा लिहून मागा आणि शोरूमच्या "हँडलिंग" खर्चाची ओळ दिसली तर तिथेच थांबवा. मी थांबवली, त्यांनी काढली.

गाडी दारात आली तेव्हा आप्पांनी हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मागे बसून शेतापर्यंत आले. बोरीच्या पात्रात मी उभा राहून गाडी काढली. ते काही बोलले नाहीत, फक्त माझा खांदा घट्ट धरला.