पॅम्लिको साउंडवर बदकांची शिकार: जानेवारीतले चार दिवस आणि वाऱ्याचा हिशोब

नकाशावर पॅम्लिको साउंड समुद्रासारखा दिसतो, पण वागतो परातीसारखा. नॉर्थ कॅरोलायनाची मुख्य भूमी आणि आउटर बँक्सची वाळूची बेटं यांच्यामधलं हे खारं पाणी सुमारे 80 मैल लांब आहे आणि बराचसा भाग उथळ. बेटांमधल्या मुखांजवळ थोडी भरती-ओहोटी जाणवते. बाकी सगळीकडे पाणी वारा नेईल तिकडे. पश्चिम-वायव्य वारा सुटला की ते बेटांच्या बाजूला चढतं, पूर्व-आग्नेय सुटला की मुख्य भूमीकडे सरकतं. 2019 च्या डोरियन वादळात ऑक्राकोक गाव बुडालं ते साउंडच्या बाजूने आलेल्या पाण्यानेच. म्हणून इथला बेत ठरवताना भरतीचं कोष्टक नंतर, वाऱ्याचा अंदाज आधी.

रॅली-कॅरी भागातून निघणाऱ्यांसाठी हा क्रम बसतो: गुरुवारी मुख्य भूमीवरच्या स्वॉन क्वार्टरहून ऑक्राकोकची फेरी (गाडीसकट नेणारी बोट), शुक्रवार-शनिवार शिकार, रविवारी परत. रविवारी या राज्यात स्थलांतरित पक्ष्यांची शिकार चालत नाही, तेव्हा तो दिवस प्रवासालाच द्यावा. फेरीला अडीच तासांवर वेळ लागतो, तिकीट आहे आणि आरक्षण आधी करावं. शेजारच्या हॅटरस बेटावरून येणारी गाड्यांची फेरी फुकट असते, पण तिला आरक्षण नाही. जोराच्या वाऱ्यात दोन्ही बंद पडतात. सोमवारी सकाळची मीटिंग ठेवू नका.

आता कागद. राज्याचा शिकार परवाना आणि त्यात पाणपक्ष्यांची मुभा, स्थलांतरित पक्ष्यांसाठीची एचआयपी नोंदणी (किती शिकार होते याच्या मोजणीसाठी) आणि 25 डॉलरचा फेडरल डक स्टॅम्प, म्हणजे पाणपक्ष्यांच्या शिकारीचं केंद्र सरकारचं तिकीट. कागदी स्टॅम्प घेतलात तर त्यावर शाईने सही हवी. पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला बहुधा हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो, तो डिसेंबरच्या आधीच उरका. आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसलेली गोष्ट पुढे आहे: एच-1बी, एच-4, एफ-1 अशा व्हिसावर असलेल्यांना फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. मित्राची बंदूक दोन मिनिटं हातात धरली तरी ते बाळगण्यात मोजलं जाऊ शकतं. म्हणून परवाना आधी, बंदूक नंतर. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही.

बंदूक बारा बोअर, तीन इंची काडतूस, दोन किंवा तीन नंबरचे पोलादी छर्रे. शिशाचे छर्रे बेकायदा, खिशात सापडले तरी. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. मॅगझिनमधला प्लग (जास्तीची जागा अडवणारी कांडी) घरीच तपासा, कारण साफसफाईनंतर तो परत घालायचा विसरतो. सहा-सात नंबरची थोडी काडतुसं वेगळ्या खिशात ठेवा. ती कशाला, ते पुढे.

ऑक्राकोक-हॅटरसची खासियत म्हणजे कर्टन बॉक्स. उथळ वाळूत रोवलेली पेटी, आत दोघांची बसायची जागा, डोकं जवळपास पाण्याच्या पातळीला. काठाभोवती कॅनव्हासचा पडदा असतो. पाणी चढलं की तो वर ओढायचा, उतरलं की खाली. पहाटे पहिलं काम बादलीने आतलं पाणी उपसण्याचं. वायव्य वारा वाढला तर पडद्याची उंची संपते आणि लाट थेट मांडीवर येते. मग पेटी सोडायची, वाद घालायचा नाही. उलट पूर्वेच्या वाऱ्यात पाणी ओसरून होडी वाळूवर बसते. अशा पेट्या स्थानिक गाइडांकडे असतात. पहिल्या खेपेला गाइड घ्याच, पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

इथलं मुख्य बदक रेडहेड, पाणगवतावर जगणारं. जोडीला पिनटेल, म्हणजे जायकवाडीवर हिवाळ्यात येतं तेच आपलं तलवार बदक. डिकॉय, म्हणजे थव्याला भुलवणारी नकली बदकं, किमान पाच डझन लागतात. प्रत्येकाला वेगळं वजन बांधत बसू नका. सुमारे 120 फुटांची डांबरी नायलॉनची दोरी, दोन्ही टोकांना चार-पाच पौंडांचं वजन, दर सात-आठ फुटांवर दीड-दोन फुटांच्या उपदोरीने एक डिकॉय. अशा चार दोऱ्या वाऱ्याच्या दिशेने सोडायच्या. वारा पाठीवर, समोर 20-25 यार्डांवर रिकामी जागा, शेवटचा डिकॉय 35 यार्डांवर. त्याच्या पलीकडे बार टाकायचा नाही. गोळा करताना वाऱ्याखालच्या टोकापासून सुरू करा, नाहीतर होडी दोऱ्यांवर वाहत जाते आणि इंजिनाच्या पंख्यात गुंता होतो. पाणगवत इंजिनाच्या पाणी ओढणाऱ्या जाळीतही अडकतं. मागची पाण्याची धार बारीक झाली की लगेच इंजिन बंद करून जाळी साफ करा.

जखमी रेडहेड बुडी मारून दूर निघतं. पाण्यावर पडून मान वर दिसली की ताबडतोब दुसरा बार, त्यासाठी ती बारीक छर्ऱ्यांची काडतुसं. होडीतून पाठलाग केलात तर इंजिन बंद आणि होडीचा वेग संपलेला असल्याशिवाय बार नको. रोजची मर्यादा एकूण सहा, त्यात रेडहेड दोनच. पिनटेल आणि स्कॉप (आणखी एक बुडी मारणारं बदक) यांचे आकडे बदलत असतात, त्या मोसमाचा तक्ता छापून जवळ ठेवा. वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्त.

वारा 10-15 नॉट असेल तर उत्तम. पाणी आरशासारखं स्थिर असेल तर बदकं मधोमध थवा करून बसून राहतात. 20 च्या वर गेला तर उथळ पाण्यात आखूड, उभ्या लाटा उठतात आणि 16 फुटी होडी त्यात भरते. निओप्रीनचे वेडर्स (पाण्यात उतरायची, छातीपर्यंतची बुटांसकट विजार), कमरेला घट्ट पट्टा, वरून लाइफ जॅकेट. पट्टा नसेल तर पडल्यावर वेडर्समध्ये पाणी भरतं आणि मग कंबरभर पाण्यातूनही उठता येत नाही.

साफ करताना प्रत्येक बदकाचा एक पंख पिसांसकट अंगाला ठेवा. घरी पोचेपर्यंत जात ओळखता आली पाहिजे, असा नियम आहे. मांस गडद लाल असतं. रस्सा करायचा तर छर्रे बोटांनी चाचपून काढा आणि छातीचे तुकडे शेवटी टाका, जास्त शिजले की काळजासारखे लागतात. बफलहेड नावाच्या छोट्या बदकाला मात्र मासळीचा वास येतो, त्याला कितीही मसाला घाला.