खांब काय उचलतोय?

स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा असं बॅचच्या ग्रुपवर आलं, आता डबा, घंटा, पट्टीचा मार हे सगळे लिहिणारच, म्हणून मी ड्रॉइंगच्या सरांबद्दल लिहितोय. इंटरमिजिएटच्या तयारीला वस्तुचित्र काढताना सर मागे येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "हा तांब्या टेकलाय कशावर रे? की हवेतच?" पुढे आर्किटेक्चरला गेलो तेव्हा कळलं की अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये अख्ख्या बिल्डिंगला लोक हेच विचारत होते.

लोज्ये नावाच्या पाद्र्याने 1753 मध्ये लिहिलं की खांब, त्यावरची तुळई आणि छप्पर एवढंच खरं, भिंतीला चिकटवलेले शोभेचे खांब नकोत, जे काही आहे त्याला कारण पाहिजे. राजा-धर्म सगळ्यालाच 'का' विचारायचा तो काळ, मग दगड कसे सुटतील! सुफ्लो नावाच्या आर्किटेक्टने पॅरिसमध्ये चर्च बांधलं त्यात खांबच खरोखर वजन घेतात, पण घुमटाखालच्या खांबांना तडे गेले आणि ते नंतर जाड करावे लागले. 1791 मध्ये क्रांतिकारकांनी त्याच चर्चचं पँथेऑन, म्हणजे देशातल्या थोरांचं स्मारक केलं आणि लेखक व्होल्टेअरच्या अस्थी तिथे नेऊन ठेवल्या.

पण मला जास्त आवडतो तो लदू या त्याच काळातल्या आर्किटेक्टचा मिठाचा कारखाना, फ्रान्समधल्याच आर्क-ए-सनां गावातला, 1775 ते 1779 मध्ये बांधलेला. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की जवळच आहे, मी गेलो होतो. खारं पाणी सालँ गावाहून लाकडी पाइपांतून यायचं आणि ते उकळायला जळण शेजारच्या जंगलातलं, म्हणजे पाण्यापाशी लाकूड नेण्यापेक्षा लाकडापाशी पाणी आणलं, हिशेब एकदम चोख. प्लॅन अर्धवर्तुळाचा, गोलाईवर कामगारांची घरं, मागे प्रत्येकाला भाजीपाल्याचा तुकडा, आणि समोर मधोमध डायरेक्टरचं घर, आपल्या हेडसरांच्या केबिनसारखं, कुठूनही निघालात तरी नजरेत! भिंतींवर दगडाचे आडवे रांजण कोरलेत आणि त्यातून ओघळणारं खारं पाणी पण दगडाचंच, थिजलेलं. हे मी बराच वेळ बघत बसलो.

आता डायरेक्टरच्या घराचे सहा खांब बघा. एक थर गोल, एक चौकोनी, परत गोल, असे रचलेत. वजन पेलायला एवढं काही लागत नाही, हा शुद्ध रुबाब आहे, म्हणजे तर्काच्या नावाने सुरू झालेली गोष्ट साहेबाच्या दरवाज्यात येऊन थांबली असं माझं मत. मीठ म्हणजे सरकारी कर, चोरी होऊ नये म्हणून सगळं बंदिस्त. (शिरोड्याचा मिठाचा सत्याग्रह शिकवताना इतिहासाच्या बाईंनी फ्रान्सचाही मीठकर सांगितला असता तर किती बरं झालं असतं.) क्रांतीनंतर 1790 मध्ये तो कर गेला. लदूने पॅरिसभोवतीची जकात नाकी पण बांधली होती, त्यामुळे लोक खवळलेलेच, 1793 मध्ये तुरुंगात गेला, डोकं वाचलं ते नशीब.

लदूच्या कारखान्यात आता मीठ बनत नाही, 1982 पासून जागतिक वारसा यादीत आहे. यंदा इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांनी नेटवर फोटो शोधून त्यातला एक खांब पेन्सिलने काढून बघा, चौकोनी थराची सावली खालच्या गोलावर पडते ना, तिथे खरी कसरत आहे.