दोऱ्याने मोजलेलं अंतर

दुपारची जेवणं झाली की घरातले सगळे आडवे होतात आणि मी मोबाइलवर दोन गावांमधलं अंतर बघत बसतो. तीही अशी गावं, की जिथे जन्मात जाणं होणार नाही. बायको विचारते, “तिकीट काढताय? नाही ना? मग?” या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नसतं.

परवा नॉर्वेतलं ट्रॉम्सो आणि त्याच्याही वर, स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन हाती लागलं. विमानाने साधारण ९६० किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं. मला फसवल्यासारखंच झालं. बस, एवढंच?

असं वाटलं ते अण्णांमुळे. आमच्या माजघरात जगाचा नकाशा होता, ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दाखवणारा. अण्णा आईच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा काढायचे, टोक जिभेवर ओलं करून ताणायचे. एक टोक माझ्या बोटाखाली. “हलवू नकोस, पाच मैल जातील!” मग तोच दोरा खालच्या मापपट्टीवर धरून आकडा जाहीर व्हायचा, कोर्टाच्या निकालासारखा. त्यावर अपील नसे. ती पट्टी विषुववृत्तापुरतीच खरी, वर जावं तसा नकाशा रबरासारखा ताणत जातो, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. परवा कागदावर हिशेब मांडून पाहिला, तर त्या दोऱ्याने ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन साडेतीन हजार किलोमीटर भरलं असतं! अण्णांना सांगायची सोय आता नाही. असते तरी म्हणाले असते, “दोरा बरोबर आहे, बोट तुझं हललं.”

तर ते लाँगइयरब्येन. ७८ अंश उत्तर. धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर. सामानाच्या पट्ट्यावर पेंढा भरलेलं पांढरं अस्वल उभं, त्याच्या पायाशी बॅगा फिरतात. देश नॉर्वेच, पण स्वालबार्ड शेंगेनबाहेर, म्हणजे युरोपातल्या पासपोर्ट न तपासता ये-जा करू देणाऱ्या देशांच्या गटाबाहेर, त्यामुळे पासपोर्ट दाखवायचा. हिवाळ्यात साडेतीन महिने तिथे सूर्य उगवतच नाही. त्या दिवसांत घड्याळात पाहिल्याशिवाय दुपारची झोप म्हणजे काय ते कसं ठरवत असतील?

असंच वाचत वाचत १९२८च्या जूनपर्यंत पोचलो. उत्तर ध्रुवावरून परतताना इटलीच्या नोबिलेचं ‘इटालिया’ हे एअरशिप, म्हणजे वायूने भरलेलं लांबोळकं हवाई जहाज, स्वालबार्डच्या बाजूला बर्फावर आदळलं. त्याला शोधायला अमुंडसेन निघाला. दक्षिण ध्रुवावर पहिला पोचलेला तोच. नोबिलेशी त्याचं चांगलंच बिनसलेलं होतं. तरी निघाला. १८ जूनला दुपारी चारच्या सुमाराला पाण्यावर उतरणारं लॅथम विमान ट्रॉम्सोहून उडालं, आत सहा माणसं. तीनेक तासांनी बिनतारी संदेश थांबले. त्या दिवसांत तिकडे सूर्य मावळत नाही, म्हणजे लख्ख उजेडात.

पाच-सहा दिवसांनी नोबिलेला दुसऱ्याच विमानाने सोडवून आणलं. लॅथमचा पंखाखालचा एक फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगायचा पोकळ डबा, ऑगस्टअखेर समुद्रात सापडला. माणसं कधीच नाहीत.

मोबाइलवर अजून तेच आहे. एक तास चाळीस मिनिटं.