पाठ लागू द्यायची नाही

१२ ऑगस्ट, रात्री

कपाशीत फवारणी करताना आज धुऱ्यावरून पाय घसरला. पाठीवर सोळा लिटरचा पंप, खाली चिखल. काय झालं हे कळायच्या आत अंग कुशीवर वळलं, हनुवटी छातीला लागली आणि उजवा हात पसरून फाडकन जमिनीवर बसला. डोक्याला काही नाही, मनगटालाही नाही. तसाच पडल्या पडल्या हसलो. हे असं पडायला शिकताना माझे तीन महिने गेले होते.

आखाड्यात गेलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. तेल, हळद, ताक घालून खणलेली ती माती अंघोळीनंतरही कानात सापडायची. वस्ताद एकच सांगत, "पाठ लागली का खेळ खतम, पोट्टेहो!" त्यामुळे पडतानाही आम्ही मांजरासारखे पालथे व्हायचो. कोपर सोललं तरी चालेल, पाठ नाही.

मधे वर्षभर कराटे. शाळेच्या मैदानात मुरमावर अनवाणी उभं राहून 'इची, नी, सान' असं जपानीत एक, दोन, तीन ओरडायचो. पण पट्टा बदलायचा तर परीक्षेची फी. पिवळ्यानंतर बाबांनी हात वर केले.

पुढं अमरावतीला कॉलेजात. १९१४ साली सुरू झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं हे गाव. तिथल्या चमूनं १९३६ मध्ये बर्लिनला कबड्डी खेळून दाखवलेली. अशा ठिकाणी मी आखाड्याच्या तोऱ्यात ज्युदोच्या मॅटवर उतरलो, तर सर म्हणाले, "पाठीवर पड." ज्युदोतही पाठीवर आदळलं की इप्पोन, म्हणजे खेळ तिथंच खलास. तरी शिकवायची सुरुवात पडण्यापासूनच! त्याला उकेमी म्हणतात. तळहातापासून पूर्ण हात मॅटवर आपटायचा, म्हणजे मार एका जागी बसत नाही; हनुवटी आत, म्हणजे डोकं मागं आदळत नाही. डोक्याला समजायचं, पाठीला नाही. ऐन वेळी मी हात टेकायचोच. एकदा मनगट असं सुजलं की पंधरा दिवस डाव्या हातानं जेवलो. सेओई नागे हा फेकण्याचा डाव मात्र दोन दिवसांत जमला. आपला धोबीपछाडच तो, फक्त जॅकेट धरून. फेकणं येतच होतं. फेकून घेणं येत नव्हतं.

घरी आलो, कपडे चिखलानं भरलेले. बाबा ओसरीवरूनच ओरडले, "काहून बे, पडला का? पंप त नाई ना फुटला?"

अर्धं औषध सांडलं, ते उद्या सांगतो.