नाशिक ते स्टुटगार्ट: नोकरीसाठी निघायच्या आधीची तयारी

परदेशात नोकरी लागली म्हटलं की घरात सगळ्यात आधी बॅगेचा विषय निघतो, किती किलो नेता येतं, कुकर न्यायचा का, थर्मल कुठून घ्यायचे, आणि मला आता इथे जर्मनीत, स्टुटगार्टमध्ये बसून अगदी मनापासून सांगावंसं वाटतं की बॅग शेवटच्या आठवड्यात भरली तरी चालते, जे राहिलं ते इथे विकत मिळतं. विकत मिळत नाहीत ते कागद. निघायच्या आधी जो कागद हातात घेतला तो घेतला, नाहीतर इथून फोन करून आईबाबांना ऑफिसांच्या चकरा मारायला लावाव्या लागतात, आणि साठीच्या पुढच्या माणसांना ते का करायला लावायचं.

मी मेकॅनिकल इंजिनियर, नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत काम करत होते, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये गणपती झाल्यावर इकडे आले. स्टुटगार्ट म्हणजे मर्सिडीज, पोर्शे, बॉशचं गाव, त्यामुळे पुणे-नाशिकच्या गाडीच्या धंद्यातल्या लोकांची इकडे ये-जा आधीपासूनच आहे. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून सिस्टर सिटीज आहेत, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने, स्टुटगार्ट ज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याबरोबर कुशल कामगार पाठवायचा करारही केलाय, म्हणजे पुढच्या काही वर्षांत नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे कितीतरी जण इकडे येतील. त्यांच्यातल्या कोणाला तरी याचा उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

तर पहिलं डिग्रीचं. ब्लू कार्डसाठी, म्हणजे डिग्रीवाल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यासाठी, तुमची डिग्री जर्मनीत मान्य आहे का हे आनाबिन नावाच्या त्यांच्या सरकारी डेटाबेसमध्ये बघायचं असतं, युनिव्हर्सिटीसमोर एच प्लस लिहिलेलं पाहिजे आणि तुमचा कोर्सही त्यात पाहिजे, दोन्हीचे प्रिंट काढून फाइलला लावायचे. कोर्स सापडला नाही तर झेडएबी नावाच्या त्यांच्या ऑफिसकडून डिग्रीचं तुलनापत्र मागवावं लागतं, त्याला वेळ जातो, म्हणून इंटरव्ह्यू चालू असतानाच हे बघून ठेवा, ऑफरची वाट बघू नका. आपल्याकडे बरेच जण फक्त शेवटच्या वर्षाच्या मार्कशीटवर नोकरीला लागतात आणि कॉन्व्होकेशनचं डिग्री सर्टिफिकेट काढायचं राहूनच जातं. ते लागतंच लागतं. पगाराचीही अट असते, २०२५ साठी ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आणि इंजिनियर, आयटी, डॉक्टर वगैरे टंचाईच्या कामांना त्यापेक्षा कमी.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ही आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांना जास्त भोवते. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं नाव. पॅनवर तिसरंच. भारतात कोणी विचारत नाही, पण इथे प्रत्येक ऑफिसात पासपोर्टवर जसं आहे तसंच्या तसं नाव चालतं, आणि भाड्याच्या करारापासून इन्शुरन्स कार्डापर्यंत एक अक्षर इकडेतिकडे झालं की पत्रव्यवहार सुरू होतो. म्हणून महानगरपालिकेचं मॅरेज सर्टिफिकेट आणि नावबदलाचं गॅझेट, ज्याला जे लागू असेल ते, आधी काढून ठेवा. नवरा किंवा बायको मागून येणार असेल तर हेच मॅरेज सर्टिफिकेट त्यांच्या व्हिसालाही लागतं. ब्लू कार्डवाल्यांच्या जोडीदाराला जर्मन भाषेची ए वन (पहिल्या पातळीची) परीक्षा व्हिसासाठी सक्तीची नाही आणि आल्यावर नोकरीही करता येते, ही फार मोठी सोय आहे. तरी भाषा शिकून या असंच मी म्हणेन, पुण्याला मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट आहेच, आता ऑनलाइन क्लासही भरपूर निघालेत. ऑफिसात इंग्लिशवर निभावतं, पण दवाखान्याच्या फोनवर, पालिकेच्या खिडकीवर आणि शेजारच्या आजींशी बोलताना जर्मनच लागतं, आणि त्या आजींनीच मला कचऱ्याचे डबे कुठल्या दिवशी बाहेर ठेवायचे ते शिकवलं.

व्हिसाचा अर्ज आता ऑनलाइन भरायचा असतो, तिकडे कागद तपासून झाले की अपॉइंटमेंट, फी ७५ युरो. कामावर रुजू व्हायच्या दिवसापर्यंतचा हेल्थ इन्शुरन्स वेगळा काढावा लागतो, तो विसरू नका. बाकी प्रोसेस सरळ आहे.

पैशाचं मात्र नीट समजून घ्या कारण यावर घरात कोणी बोलत नाही. नोकरीसाठी देश सोडताय तर त्या आर्थिक वर्षात भारतातलं तुमचं राहणं १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर इन्कम टॅक्सच्या हिशोबाने तुम्ही त्या वर्षासाठी एनआरआय होता, आणि मग इथला पगार तिकडच्या टॅक्समध्ये येत नाही, म्हणजे जॉइनिंगची तारीख तुमच्या हातात असेल तर २८ सप्टेंबरपर्यंत निघायचा विचार जरूर करा, मी कंपनीशी बोलून तसंच ठरवलं. बँकेत साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे एनआरआय माणसाचं भारतातल्या पैशासाठीचं खातं, करायचं असतं आणि इकडचा पगार पाठवायला एनआरई उघडायचं. पीपीएफ असेल तर मुदतीपर्यंत भरता येतं, नवीन उघडता येत नाही. म्युच्युअल फंडाच्या केवायसीतही स्टेटस बदलावं लागतं.

आणि मोबाईल नंबर! आधार, बँक, पीएफ, इन्कम टॅक्स, सगळ्याचे ओटीपी त्या एका नंबरवर येतात. निघायच्या आधी त्यावर इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या, ई-सिम करून घेतलं तर इथलं सिम दुसऱ्या जागी बसतं, आणि छोटा का होईना रिचार्ज चालू ठेवा. नंबर बंद पडला तर तो परत मिळवायला स्वतः दुकानात उभं राहावं लागतं. नाशिकचा फ्लॅट भाड्याने द्यायचा होता म्हणून बाबांच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी निघायच्या आधीच करून ठेवली, कारण इथून करायची तर त्यासाठी म्युनिकच्या आपल्या कॉन्सुलेटकडे जावं लागतं.

आता घर. यावर जेवढं सांगावं तेवढं कमी. इथे घर म्हणजे काय तर रिकाम्या खोल्या, बऱ्याच घरांत किचन ओटासुद्धा नसतो, आधीचा भाडेकरू सिंक, कपाटं, शेगडी सगळं काढून घेऊन जातो, छताला नुसत्या वायरी. म्हणून जाहिरातीत किचन आहे का ते आधी बघायचं. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च धरून, डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांचं काल्टमीटे घेता येतं आणि ते ३ हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला कायद्याने आहे. मी सुरुवातीला फर्निश्ड छोटं घर घेतलं आणि तेच सगळ्यांनी करावं असं मला वाटतं, पण बुक करताना घरमालकाला एकच प्रश्न लेखी विचारा, पत्ता नोंदवायला पत्र देणार का? तो नाही म्हणाला तर घर कितीही सुंदर असो, सोडून द्या. आणि मालक परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा म्हणजे चावी पोस्टाने येईल, असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा, ती फसवणूक असते. सप्टेंबर अखेरीपासून इथे कानश्टाटची मोठी जत्रा भरते, त्या दिवसांत हॉटेलं महाग, तेव्हा येणार असाल तर जागा खूप आधी ठरवा.

बॅगेबद्दल थोडंसं. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा सगळं राहू द्या, आईने कढवलेलं तूप ठेवून येताना मला वाईट वाटलं पण नियम तो नियम. ताजा कढीपत्ता, आंबे, भाजी नाही. नारळ आणि केळी चालतात. तूरडाळ, आटा, पोहे इथल्या इंडियन दुकानात मिळतात, त्यात किलो घालवू नका, त्याऐवजी थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, कोकम आणा. औषधं ३ महिन्यांपर्यंतची स्वतःपुरती आणता येतात, डॉक्टरची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि त्यावर ब्रँडचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. दातांचं, चष्म्याचं काम उरकून या, इथे अपॉइंटमेंट मिळायला फार वेळ लागतो. वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, मिक्सर चालतो, फक्त आपली तीन पिनांची वायर इथल्या सॉकेटमध्ये जात नाही म्हणून अॅडॉप्टर लागतो. कुकर आणायचा तर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा.

नाशिकहून निघालो तेव्हा इगतपुरीपासून पुढे समृद्धी महामार्गाचा नवा टप्पा चालू झाला होता, कसारा घाटातली वळणं टळली आणि बोगद्यातून बाहेर पडल्यावर डोंगर पावसाने नुसते हिरवेगार, धबधबे अजून वाहत होते, सासूबाई पूर्ण रस्ताभर माझा हात धरून बसल्या होत्या. मुंबई एअरपोर्टच्या टी टू ला सगळ्यांचा निरोप घेतला. विमान साधारण नऊ तासांचं, फ्रँकफर्टला उतरलं की इमिग्रेशनला पासपोर्टबरोबर नोकरीचा करार आणि घराचं बुकिंग मागू शकतात, ते हातातल्या पिशवीत ठेवा, पॉवर बँकही त्यातच. फ्रँकफर्टला एअरपोर्टच्याच स्टेशनवरून स्टुटगार्टची गाडी मिळते, सव्वा तासाचा प्रवास. स्टुटगार्टचं मुख्य स्टेशन जमिनीखाली न्यायचं काम २०१० पासून चालू आहे त्यामुळे बाहेर पडायला बरंच चालावं लागतं, दोन मोठ्या बॅगा असतील तर हे लक्षात ठेवा. शहर खोलगट भागात वसलंय, चारी बाजूंना टेकड्या, मधल्या उतारांवर द्राक्षाचे मळे आणि वर चढायला दगडी पायऱ्या. नाशिकच्या माणसाला शहरात द्राक्षाचे मळे बघून जो आनंद होतो तो काय सांगू.

आल्यावर पहिलं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्ता नोंदवणं. राहायला आल्यापासून २ आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात करायचं, घरमालकाचं पत्र लागतं (म्हणूनच वर तो प्रश्न विचारायला सांगितला). ते झालं की टॅक्सचा ११ आकडी नंबर पोस्टाने येतो, तो कंपनीला दिला नाही तर पगारातून जास्त टॅक्स कापला जाऊ शकतो, पुढे परत मिळतो पण पहिल्या महिन्यात पैशाची गरज असते. आणि पोस्टाने येतो म्हणजे लेटरबॉक्सवर तुमचं आडनाव लिहिलेलं हवं, बेलवरही, नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड, पिन, इन्शुरन्स कार्ड, सगळं याच डब्यात येतं, त्यामुळे चावी घेतली त्याच संध्याकाळी मी आडनावाची पट्टी चिकटवली. टीके किंवा एओके यांच्यासारखा सरकारी पद्धतीचा इन्शुरन्स घरबसल्या भारतातूनच ऑनलाइन सुरू करता येतो, अर्धा हप्ता कंपनी भरते. रेडिओ-टीव्हीची १८.३६ युरो महिना फी प्रत्येक घराला असते, टीव्ही नसला तरी. शहरात फिरायला आणि देशभरच्या साध्या गाड्यांना महिन्याचं डॉइचलांड तिकीट, मी आले तेव्हा ५८ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. आपलं ड्रायव्हिंग लायसन्स इथे राहायला आल्यापासून ६ महिने चालतं, नंतर लेखी आणि गाडीची दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

माझा नवरा आता व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तयारी करतोय. त्याला मी सांगितलंय की स्वतःचं डिग्री सर्टिफिकेट आधी युनिव्हर्सिटीतून आण, बँकेत जाऊन एनआरओचा फॉर्म भर, दाढेचं रूट कॅनल उरकून घे, आणि बॅगेत जागा उरली तर दोन किलो भाजणी जास्त आण कारण इथल्या मराठी मंडळात ओळख झालेल्या दोन घरांनीही मागितलीय.